सव्वासहाचा फोन

आत्ताच पाण्यातून काढलेला मासा सगळ्यात चांगला, असं जो छातीठोकपणे सांगतो त्याने मासा फक्त खाल्लेला असतो, कापलेला नसतो. हे मी एकदा धाकट्या मालकांना पाहुण्यांसमोरच ऐकवलं. तेव्हापासून ते कोणाला कारखाना दाखवायला आणतात तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबत नाहीत, लांबूनच हात करतात आणि बर्फाचं मशीन दाखवायला घेऊन जातात. बर्फाचं मशीन उलट बोलत नाही.

खरं काय ते सांगते. मासा मारला की आधी मऊ असतो. काही तासांनी ताठ होतो, इतका की शेपटीशी धरून आडवा उचलला तर पाटासारखा सरळ राहतो. मग दीड-दोन दिवसांनी तो ताठपणा आपोआप जातो. आम्ही त्याला मासा सुटला म्हणतो. सुटला की कापायचा, त्याआधी नाही. ताठ असताना कापला तर मांसाला भेगा पडतात. त्याच्याही आधी, मऊ असताना कापला तर तुकडा आतल्या आत आकसतो, तव्यावर टाकला की वळतो आणि चावायला चिवट लागतो. दिसतो मात्र असा सुंदर की कोणीही फसावं.

तर मासे निवडायचे, ते बर्फावर सरळ निजवायचे, शेपटीला चिठ्ठी बांधून कोणत्या दिवशी कापायचा ते लिहायचं आणि त्या दिवशी कापून, काटे काढून, मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत पाठवायचे, हे माझं काम. तेवीस वर्षं केलं. सगळे मला आत्या म्हणतात. माझी भाची इथे आधी कामाला होती, तिने मला चिकटवलं आणि दोन वर्षांत लग्न करून दूरदेशी निघून गेली. ती गेली, तिची आत्या राहिली, आता धाकटे मालकही आत्याच म्हणतात. भाची सणावाराला फोटो पाठवते. मी अंगठ्याचं चित्र पाठवते.

पहाटे पाचला खोकी यायची. मी झाकणं उघडत जायचे. डोळा फुगीर हवा, खोल गेलेला चालत नाही. कल्ला उचलून बघायचा, लालभडक हवा. पोटावर बोट दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. शेवटी वास. चांगल्या माशाला माशाचा वास येत नाही, गार पाण्याचा येतो. दहातला एक मी बाजूला काढायचे आणि उरलेले नऊ बाजारात जायचे. नाकावर राग असलेली बाई म्हणून माझी ख्याती होती, पण माझ्या नाकावर सगळ्यांचा विश्वासही होता.

आमची अकरा गिऱ्हाइकं होती. त्यातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात नखरेल म्हणजे टेकडीवरचं हॉटेल. बारा टेबलं, बस्स. तिथे जेवायचं तर लोक दोन-दोन महिने आधी नाव लावून ठेवतात म्हणे. तिथले मोठे शेफ रोज सकाळी सव्वासहाला फोन करायचे. कारखान्याचा जुना काळा फोन माझ्या टेबलामागच्या भिंतीवर होता. मी हातमोजा काढायचे, हात पुसायचे आणि दुसऱ्या रिंगला उचलायचे. पहिल्या रिंगला उचलला तर वाट बघत बसल्यासारखं दिसतं.

"आज काय आहे, ताई?" एवढंच ते विचारायचे.

मी सांगायचे. खडकातला लाल आलाय, तीन किलोचा, पण पोटात अंडी आहेत, सगळा जीव तिकडे गेलाय, मांस पाणचट लागेल, नका घेऊ. चपटा घ्या, जाडीला माझ्या दोन बोटांएवढा आहे. शेवंडी जिवंत आहेत पण एक नुसती पडून आहे, ती मी काढून टाकते. शिंपल्या आज नकोतच. ते ऐकून घ्यायचे, मध्येच हसायचे, कधी एखादा मासा कसा करणार ते सांगायचे. त्यांच्या तव्यावर एक बाई होती, तिचं नाव मला कधी कळलं नाही, ते नुसतं तव्यावरची म्हणायचे. तव्यावरची म्हणते परवाचा मासा लोण्यासारखा होता. तव्यावरची म्हणते कातडी अशी कुरकुरीत झाली की एका पाहुण्याने नुसती कातडी पुन्हा मागितली. मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत काम करायचे.

अकरा वर्षं चाललं हे. मी त्यांना कधी बघितलं नाही, त्यांनी मला नाही. माशांवरून गाडी इतर गोष्टींवर जायची, पण फार लांब नाही. त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. माझी आई चौदा वर्षं अंथरुणावर होती हे त्यांना माहीत होतं. ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर आले. सव्वासहाला फोन आला, त्यांनी नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, आज माशांचे डोळे चांगले आहेत, माझे नाहीत. ते म्हणाले, मग आज हातानेच बघा. एवढंच. सांत्वनाला आलेल्या सगळ्यांत मला ते एकच वाक्य आठवतं, बाकीच्यांनी चहा किती प्यायला ते आठवतं.

आई गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हतं. कारखान्यात आम्ही पाच माणसं, पण मशीनच्या आवाजात कोण कोणाशी बोलणार? माझ्या शेजारी कोळंबी सोलणारा माणूस बसतो, त्याच्या दोन्ही कानांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणी. त्याला हाक मारायची तर कोळंबी फेकून मारावी लागते. म्हणजे दिवसभरात माझं म्हणावं असं बोलणं सव्वासहाला सुरू व्हायचं आणि साडेसहाला संपायचं. मला ते पुरत होतं. पुरत होतं हे ते बंद झाल्यावर कळलं.

बंद असं झालं. धाकट्या मालकांनी सुधारणा केली. प्रत्येक टेबलावर एक काचेची पाटी आली. मी सकाळी मासा निवडला की पाटीवर त्याचा फोटो काढायचा, वजन टाकायचं, तीन चौकोनांपैकी एकावर खूण करायची, उत्तम, चांगला किंवा साधारण. तिकडे शेफ बघणार, बोट टेकवणार, झालं. फोनची कटकट नको, असं धाकटे मालक म्हणाले. मी म्हटलं, कटकट कोणाला होत होती? ते म्हणाले, आत्या, काळाबरोबर चालायला हवं. पाटीवर शेऱ्यासाठी एक जागा होती. पहिल्याच दिवशी मी तिथे लाल माशाबद्दल लिहायला घेतलं, डोळा छान आहे पण जरा, आणि पाटीने पुढे लिहू दिलं नाही. जागा संपली. टेकडीवर 'पण जरा' पोचलं असेल.

काळा फोन भिंतीवरून काढला. जिथे तो होता तिथली फरशी इतर फरशांपेक्षा पांढरी होती.

पुढचे चार महिने मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की शनिवारी दुपारपासून मी मोठ्याने चारच शब्द बोलले आहे, आणि तेही हातातून निसटून फुटलेल्या दुधाच्या पिशवीला. सोमवारी सकाळी कोणीतरी काहीतरी विचारलं आणि माझा आवाज फाटकाच निघाला. सव्वासहा वाजले की हात आपोआप मोज्याकडे जायचा. मी मनातल्या मनात सांगत राहायचे, आज चपटा चांगला आहे, आज माकूल जरा पिवळट आहे. रिकाम्या भिंतीशी बोलणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत आहे, म्हणून मोठ्याने नाही बोलले.

मग एक दिवस माझी चूक झाली. खरीखुरी चूक. मला ताप होता, बोटं बधिर होती, आणि टेकडीचा मासा सुटला आहे की नाही हे मला नीट कळलं नाही. मी ताठ मासाच कापला. मांसाला भेगा पडल्या. दुपारी तीनला धाकट्या मालकांनी स्वतःचा मोबाइल आणून माझ्या हातात दिला, चेहरा असा की आता तुम्हीच निस्तरा.

"ताई, बरं आहे ना तुमचं?" मोठे शेफ म्हणाले.

माशाबद्दल नाही, आधी हे विचारलं. मी ताप सांगितला. ते म्हणाले अकरा वर्षांत एकदा होणारच, आम्ही तुकड्यांचं दुसरं काहीतरी करून टाकलं, तुम्ही वाफ घ्या. मग गुडघ्याचं सांगितलं, डॉक्टरांनी जिने बंद केलेत, आणि स्वयंपाकघर नेमकं जिना उतरून आहे. चार मिनिटं बोललो आम्ही. मी मोबाइल परत दिला आणि शीतघरात जाऊन उभी राहिले, कारण मला हसू येत होतं आणि कोणी बघायला नको होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझा माल खराब निघाला होता आणि मी आनंदात होते.

पुढचं तुम्हाला समजलंच असेल. मला समजायला तीन आठवडे लागले, किंवा समजलं होतं आणि मी स्वतःला सांगत नव्हते. चांगला मासा पाठवला की पाटीवर एक हिरवी खूण यायची. बिघडलेला पाठवला की माणूस बोलायचा.

तो मंगळवार होता. टाकीतून जिवंत आलेला मासा आमच्या माणसाने माझ्यासमोर सहाला मारला. शेपटीला चिठ्ठी बांधून त्यावर मी गुरुवार लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. टेबलावर घेतला आणि कापला. सुरी अशी गेली की काय सांगू. एक गोष्ट मात्र मी विसरले होते. मासा सुटलेला नसला की काटेही सोडत नाही. प्रत्येक काटा चिमट्याने धरून, मांस फाटू न देता, तिरका ओढून काढावा लागला. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. वाईट माल पाठवण्यासाठी मी जेवढे कष्ट घेतले तेवढे चांगल्यासाठी कधी घेतले नव्हते. कोणी आजारी पडणार नाही, हे मी स्वतःला बजावत होते. मासा ताजा आहे, जरा जास्तच ताजा आहे, इतकंच. तुकडे खोक्यात ठेवले तेव्हा आरशासारखे चकाकत होते. मी 'उत्तम' वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आता ते माझ्याच मोबाइलवर करत होते, नंबर त्यांनी मालकांकडून घेतला होता. तुकडा तव्यावर वळला म्हणाले, कडा वर आल्या, चिवटही लागला, काय झालं असेल? मी विचार केल्याचं नाटक केलं. पाण्यात फरक पडला असेल म्हटलं, या दिवसांत मासा तसा होतो म्हटलं. तोंडाला येईल ते बोलत होते, आणि ते सगळं ऐकून घेत होते, हं हं करत होते, अगदी पूर्वीसारखं. सात मिनिटं झाली. सोळा दिवसांनी मी पुन्हा तेच केलं. पुन्हा फोन, पुन्हा माझी थापेबाजी. या वेळी त्यांनी तव्यावरची फार वैतागली आहे असं सांगितलं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता, त्यातले शब्द मी पुरते ऐकतही नव्हते.

तिसऱ्यांदा केलं तेव्हा फोन त्याच संध्याकाळी आला. मी घरी होते, भांडी घासत होते. माझा हात ओला होता तरी मी पहिल्या रिंगला उचलला.

आवाज वेगळा होता. त्या दुपारी कोणीतरी मोठी माणसं जेवायला होती, आठ ताटं एकदम गेली आणि आठही परत आली, म्हणाले. मी वाट बघत राहिले की आता ते मला झाडणार, आणि खरं सांगते, मला झाडलं असतं तरी मी ऐकत उभी राहिले असते.

"ताई, मी तुमची माफी मागायला फोन केला," ते म्हणाले. "दोनदा तुम्हाला उगाच त्रास दिला. मासा पूर्ण सुटल्याशिवाय तुम्ही सुरी लावत नाही हे मला माहीत आहे. दोष इथला होता. बाईचा हात बिघडलाय. तवा नको तेवढा तापवते, तुकडा दाबून धरत नाही. तिला मी तिथून काढलं."

ती ऐकत नव्हती, ते सांगत होते, भांडली, रडली, मी सगळं बरोबर करते म्हणाली, पण आता भाज्या सोलायला बसवलं आहे, महिनाअखेर बघू. आणि मग म्हणाले, यापुढे असल्या गोष्टींसाठी तुम्हाला फोन करून सतावणार नाही. मी म्हटलं, बरं. त्यांनी फोन ठेवला.

मी नळ बंद केला आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. मला आधी कशाचं वाईट वाटलं असेल? फोन आता येणार नाही याचं. त्या बाईचं नंतर. हा क्रम मी लपवत नाही.

दोन दिवस काढले. मनाची समजूत घालण्याचे सगळे प्रकार करून बघितले. यापुढे नीट माल पाठवला की तिला परत तव्यावर घेतील. घेतील कसे? तव्यावर आता दुसरं कोणीतरी असणार, त्याचा तुकडा सरळ राहणार, आणि त्यामुळे खोट तिचीच होती हे पक्कं होणार. माझ्या चांगल्या माशानेच तिच्यावर शिक्का बसणार होता. हे डोक्यात आलं आणि मी दुपारी सुट्टी टाकली. धाकटे मालक चकित झाले, कारण मी सुट्टी आईच्या वेळी घेतली ती शेवटची.

टेकडीवर बस जात नाही. खालच्या थांब्यावरून चालत गेले. तीन वाजले होते. दुपारची जेवणं उरकली होती आणि संध्याकाळची तयारी सुरू व्हायची होती. पुढच्या दाराने जायची माझी हिंमत नव्हती, मागे गेले. आमची थर्माकोलची खोकी धुऊन, उलटी घालून, ओळीने वाळत ठेवली होती. आत लांबट खोली होती, एका बाजूला शेगड्या, दुसऱ्या बाजूला टेबलं, मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. दाराशीच एक बाई स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. तिशी-पस्तिशीची असेल. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर तेलाच्या चटक्यांचे जुने डाग होते. एवढे डाग बटाटे सोलून पडत नाहीत, त्यामुळे ती कोण हे विचारावं लागलं नाही.

मोठे शेफ कुठे आहेत, मी विचारलं. तिने कामाला लागलेल्या माणसांकडे मान केली. मी उंच माणूस शोधत होते, आवाजावरून माझ्या मनात उंच माणूसच बसला होता. आला तो माझ्याएवढाच बुटका, गोल चेहऱ्याचा, एका पायावर भार देत चालणारा. मी "ताई" एवढंच म्हटलं, आणि ते ओळखून इतके हसले की मला तिथूनच पळून जावंसं वाटलं. खुर्ची आणा, चहा आणा, सगळ्यांना म्हणाले, बघा, या आपल्या मासेवाल्या ताई. कामातली माणसं वळून बघायला लागली. त्यातला एकजण म्हणाला की तुम्ही फारच लहानखुऱ्या निघालात.

मी बसले नाही. बसले असते तर चहा प्यायले असते, आणि चहा प्यायले असते तर बोलले नसते.

"ते मासे मी मऊ असतानाच कापले," मी म्हटलं. "तिन्ही वेळा. चुकून नाही, मुद्दाम. यांच्या हाताचा काही दोष नव्हता."

कोणीतरी नळ बंद केला. मोठे शेफ अजून हसत होते, म्हणजे चेहऱ्यावर ते हसू तसंच राहून गेलं होतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुमचा फोन यावा म्हणून."

मला वाटलं होतं कोणीतरी फिदीफिदी हसेल. हसले असते तर मी चार शब्द सुनावले असते, तेवढं मला येतं. कोणी हसलं नाही. तव्यावरच्या बाईने सोलाणं खाली ठेवलं आणि उभी राहिली. ती ओरडली नाही, हळूच बोलली, आणि त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

"नऊ वर्षांत माझं एक ताट परत आलं नव्हतं," ती म्हणाली. "रोज घरी गेल्यावर तवा तापवून बघतेय मी. हात लावून बघते, पाणी शिंपडून बघते. माझं काय चुकतंय तेच मला कळेना. मला वाटलं मी विसरले सगळं."

मी माफी मागितली. हात जोडले. असू दे, असं ती म्हणाली नाही आणि तिने म्हणायलाही नको होतं. तिने ओल्या हातांनी अंगावरचा एप्रन सोडला, घडी केली, दुसरा पांढरा काढून बांधला आणि माझ्या बाजूने जाऊन आपल्या तव्यापाशी उभी राहिली. तिथल्या माणसाने न सांगता जागा करून दिली.

मोठे शेफ मला दारापर्यंत सोडायला आले. मग म्हणाले की तुमच्या हातचा मासा आता मी घेऊ शकत नाही, या लोकांसमोर तर नाहीच. मी म्हटलं, ते बरोबर आहे. त्यांचा राग मला दिसत होता, आणि तो राग पुरता वर येत नाहीये हेही दिसत होतं.

"फोन तुम्हीही करू शकला असता," ते म्हणाले. "माझा नंबर काय तुम्हाला माहीत नव्हता?"

"काय सांगायला केला असता?" मी म्हटलं. "माशाशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?"

आतून कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले. मी टेकडी उतरले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही, नुसते पाय दुखले.

दुसऱ्या दिवशी मीच धाकट्या मालकांना सगळं सांगितलं. ते भडकले. हाकलून दिलं नाही, ते बहुधा त्यांच्या वडिलांच्या भिडेखातर. निवडीवरून काढलं आणि माकूल साफ करायला बसवलं. माकूल साफ करायला डोकं लागत नाही. कातडी ओढायची, शाईची पिशवी न फोडता काढायची, आतली पारदर्शक काडी उपसायची, धुवायचं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण मासा लवकर सुटला म्हणते. मी बोलत नाही. तिने विचारलं तर सांगेन.

सहा आठवडे असे गेले. मग एका आठवड्यात मशीन दुरुस्तीला काढलं म्हणून मधेच सुट्टी मिळाली. सवयीने पहाटेच जाग आली. अंथरूण काढलं, चहा केला, प्यायला, कप विसळला, आणि तरी सहाच वाजले होते. समोर सबंध दिवस होता, आणि रात्री पाठ टेकेपर्यंत माझ्या तोंडून एकही शब्द निघणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. मला त्याची भीती वाटली. मी मोबाइल घेतला. नंबर पाठ होता. सव्वासहाला, आयुष्यात पहिल्यांदा, मी तो स्वतः लावला.

बऱ्याच रिंग वाजल्या. ठेवून द्यावा असं वाटत असतानाच त्यांनी उचलला.

"हॅलो, कोण?"

इतक्या वर्षांत मी कोण ते मला कधी सांगावं लागलं नव्हतं. माझा नंबर त्यांनी काढून टाकला असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. कारखान्यातून बोलतेय म्हणायचं तर ते खरं नव्हतं, आत्या त्यांच्या ओळखीची नव्हती, आणि ताई म्हणवून घ्यायची लाज वाटली.

"मी," मी म्हटलं.

तिकडे शांतता. त्यांनी ओळखलं हे मला त्या शांततेवरून कळलं. मी घाईघाईने बोलत सुटले. म्हटलं, काम काही नाही. मासे माझ्याकडे नाहीत आता. कारखान्याला सुट्टी आहे, मी घरीच आहे. सांगण्यासारखं काहीच नाही. सहज केला. तुम्ही कामात असाल, ठेवते मी.

मी मोबाइल कानापासून काढायला लागले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "दूध वर येतंय, गॅस बारीक करून येतो."